बदकाची मोहोर

लार्किन परगणा, केंटकी
४ फेब्रुवारी १७९६

प्रिय टॅम्सिन,

आनंदाची बातमी आधी. आमच्या नव्या कोर्टाला स्वतःची मोहोर हवी असं तिन्ही न्यायाधीशांनी काल एकमताने ठरवलं, आणि ती फिलाडेल्फियात माझ्या बहिणीकडूनच कोरून घ्यावी हे मी त्यांच्या गळी उतरवलं. भावजी गेल्यापासून दुकान तू एकटी चालवतेस हे ऐकून प्रुइटसाहेबांच्या भुवया वर गेल्या होत्या. मी ठणकावून सांगितलं, "साहेब, तिच्या हाताला तोड नाही." बघ, किती बाजू घेतो मी तुझी!

एकमत मात्र तिथंच संपलं. प्रुइटसाहेबांना पंख पसरलेला गरुड हवाय. डॅबनीसाहेबांना नांगर आणि मक्याची कणसं, आणि नांगर धरणारा माणूस "जरासा माझ्यासारखा झाला तरी हरकत नाही" म्हणाले. म्हातारे विदर्ससाहेब डुलकीतून जागे झाले, "अस्वल" एवढंच बोलले आणि परत झोपले. तिघांची टाचणं सोबत पाठवतोय, तूच काय ते जमव. कडेनं कोर्टाचं पूर्ण नाव, साल आणि एखादं लॅटिन वचन. रुंदी दीड इंच.

आणि तुझ्या दुकानासमोर वजडीचा रस्सा विकते ना ती ज्यूडिथ, तिला सांग, तिची आई डॉर्कस सुटली. तिच्या मालकीणबाई, म्हाताऱ्या मिसेस ग्रँडी, जानेवारीत वारल्या. डॉर्कसला गुलामीतून मोकळं करावं असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलंय. तिच्या मुक्ततेचा दाखला कोर्टाचा कारकून म्हणून मी स्वतःच्या हाताने लिहिला. असा झोकदार दाखला डोंगराच्या या बाजूला कुणी पाहिला नसेल. रस्ते वाळले की ती लेकीकडे यायला निघेल.

आणि सगळ्या जगासारखी लाखेचा ठसा फोडून पत्रं उघडत जा ग! मागे तुझ्याकडे आलो तेव्हा माझी पत्रं उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत होती.

तुझा भाऊ,
एनॉस

---

फिलाडेल्फिया
६ मार्च १७९६

एनॉस,

अरे शहाण्या, दीड इंचात गरुड, नांगर, मका, डॅबनीसाहेब आणि अस्वल? मोहोर हवीय की नोहाचं तारू? मला हे सगळं पोलादात उलटं कोरायचंय, आणि तुझ्या साहेबांना ते सुलटंसुद्धा सांगता येत नाही. एकच चित्र पाठव. खाली तिघांच्या सह्या हव्यात. त्याशिवाय मी हत्याराला हात लावणार नाही.

लाख मी फोडणार नाही. कुणीतरी जीव ओतून कोरलेलं असतं ते. आणि तुझ्या पत्रांवरचं बदक तर माझंच आहे. विसरलास? तेरा वर्षांची होते, बाबांसाठी दगडात राजहंस कोरायला बसले, हत्यार घसरलं, चोचीचा टवका उडाला आणि राजहंसाचं बदक झालं. बाबांनी तेच मरेपर्यंत वापरलं, आता तू घड्याळाच्या साखळीला लावून मिरवतोस. माझं पहिलं काम आहे ते. म्हणून लाखेच्या कडेनं कागद कापते आणि तुझं प्रत्येक पत्र जपून ठेवते. कुरतडल्यासारखं दिसलं तर दिसू दे.

ज्यूडिथला बातमी सांगितली. तिच्या हातातला डाव रश्श्याच्या पातेल्यात पडला, आणि गिऱ्हाइकं ताटकळत असताना ती तिथंच फूटपाथवर बसली. बारा वर्षांची असताना ग्रँडीच्या नवऱ्याने तिला आईपासून तोडून विकलं होतं. सतरा वर्षं झाली. आता खोलीत दुसरी खाट टाकलीय आणि रोज नवी उशी उन्हात घालते. मला विचारत होती, "आई मला ओळखेल का हो?"

एक विचारायचं राहिलं. कोर्टाला अजून मोहोरच नाही, तर डॉर्कसच्या दाखल्यावर लावलंस काय?

टॅम्सिन

---

लार्किन परगणा
९ एप्रिल १७९६

प्रिय टॅम्सिन,

गरुड ठरला! नांगर त्याच्या नखांत, मका नांगराखाली. अस्वलाचा निकाल विदर्ससाहेब घोरत असताना लावला. तिघांच्या सह्यांचं चित्र सोबत आहे.

आता घाई कर. मोहोर नुसती हातात येऊन भागत नाही. कोर्ट भरलेलं असताना ती मंजूर व्हावी लागते आणि कोर्टाच्या वहीत तिचा ठसा उमटावा लागतो. तोवर तिला लोखंडाच्या तुकड्याइतकीच किंमत. आणि आमचं कोर्ट तीन महिन्यांतून एकदाच भरतं. सहा जूनला बसेल, पाच दिवस चालेल. त्याच्या आत पोचायला हवी.

डॉर्कस पाच तारखेला निघाली. मेरीलँडकडे जाणारं एक कुटुंब आहे, त्यांच्या घोड्यांबरोबर. जाताना दाखला मेणकापडात गुंडाळून तिने पोटाशी बांधला. त्या दाखल्याची काळजी तू करू नकोस, सगळं रीतसर आहे. हत्यार कसं धरायचं हे मी तुला शिकवतो का? मग कारकुनाचं काम कारकुनाला करू दे.

एनॉस

---

फिलाडेल्फिया
१२ मे १७९६

एनॉस,

डॉर्कस तुरुंगात आहे.

मेरीलँडमध्ये टोबिन्स फेरी म्हणून गाव आहे, नदीच्या उतारावर. एक मेला तिथल्या शेरीफने तिला अडवलं. तिने मेणकापड सोडून तुझा झोकदार दाखला पुढे केला. तिथे क्वेकर पंथाचा एक दुकानदार आहे, एलायस पेनॉक म्हणून, गुलामगिरीच्या विरुद्ध असलेला भला माणूस. त्याने दाखल्याची नक्कल करून ज्यूडिथला पाठवली. तिला वाचता येत नाही, म्हणून ती माझ्याकडे घेऊन आली. तुझं पाप मला तिला मोठ्याने वाचून दाखवावं लागलं.

"लार्किन परगण्याच्या सन्माननीय कोर्टाच्या मोहोरेनिशी." आणि खाली पेनॉकने चित्र काढलंय. बदक! तुटक्या चोचीचं!

शेरीफ हसून म्हणाला म्हणे, "हे कुठलं कोर्ट, बदकांचं?" दाखला बनावट ठरवला आणि तिला पळून आलेली गुलाम म्हणून कोंडलं. पंधरा ऑगस्टपर्यंत ती मोकळी आहे हे सिद्ध झालं नाही, तर तिचा लिलाव होईल. पन्नाशीच्या बाईचा. लेकीपासून चार दिवसांच्या वाटेवर.

अरे, नव्या मुलखातली सगळी कोर्टं काय करतात हे मला, एका कोरणाऱ्या बाईला माहीत आहे, आणि तुला माहीत नाही? "कोर्टाला अद्याप मोहोर नाही, सबब माझी खासगी मोहोर लावतो." एवढंच लिहायचं असतं! हे वाक्य लिहिलेले दाखले इथे रोज चालतात, कुणी हूं की चूं करत नाही. बटणाचा ठसा मारला असतास तरी चाललं असतं. पण नाही! आपल्या कोर्टाला मोहोर नाही हे लिहायची तुला लाज वाटली. एका बाईचं अख्खं आयुष्य त्या कागदावर होतं, आणि तू त्याच्यावर शेखी मिरवलीस. मी मार्चमध्ये सरळ विचारलं होतं. तू काय उत्तर दिलंस? "कारकुनाचं काम कारकुनाला करू दे."

आता एकच कर. आजच्या आज. कुणाही मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर लिही की दाखला खरा आहे, तो मीच लिहिला, ठसा माझा खासगी आहे आणि कोर्टाची मोहोर म्हणालो ते खोटं होतं. चार ओळी. त्या टोबिन्स फेरीला पाठव.

मोहोर सोबत पाठवतेय. आठ दिवस दुसरं काही केलं नाही. पण मोहोरेची वाट बघू नकोस. चार ओळी, एनॉस.

टॅम्सिन

---

लार्किन परगणा
१५ जून १७९६

टॅम्सिन,

तुझं पत्र तेरा तारखेला आलं. सख्ख्या भावाला कुणी असं लिहितं? मी ते बायकोला दाखवलंसुद्धा नाही.

मोहोर सुरेख झालीय, यात वाद नाही. पण वरातीमागून घोडं. कोर्ट दहा तारखेला उठलं. आता पाच सप्टेंबरला बसेल. मंजुरीआधी ही मोहोर मी कशावरही मारली तर माझी शपथ मोडेल. सप्टेंबरमध्ये मंजूर झाली की पहिल्याच दिवशी डॉर्कसला नवा दाखला करून देतो, अगदी गरुडासकट.

तू म्हणतेस त्या चार ओळींचं. जरा माझ्या जागी येऊन बघ. प्रुइटसाहेबांचा पुतण्या या खुर्चीवर डोळा ठेवून बसलाय. कारकुनाने दाखल्यात खोटं लिहिलं असं मीच लिहून दिलं, तर उद्या तो माझ्या जागी बसेल. आणि मी असं काय मोठं केलं? डोंगरापलीकडच्या लोकांनी आम्हाला रानटी समजू नये म्हणून दोन शब्द भारदस्त लिहिले. कोर्टाने बदकच मोहोर म्हणून निवडलं असतं तर? अस्वल चालणार होतं, मग बदक का नाही?

मी हातावर हात ठेवून बसलेलो नाही. टोबिन्स फेरीच्या शेरीफला मी कडक शब्दांत पत्र पाठवलंय की सदर ठसा आमच्या कोर्टाचाच आहे आणि बाईला तात्काळ सोडावं. आता तो घाबरेल बघ.

लिलाव काय लगेच होत नसतात. तारखा पुढे जातात, मी कोर्टात आहे, मला ठाऊक आहे. बाई थोडे दिवस आत राहिली तर आभाळ कोसळत नाही. दोन वेळचं खायला मिळतंच तिथे. ज्यूडिथला माझा नमस्कार सांग.

एनॉस

---

टोबिन्स फेरी, मेरीलँड
१३ ऑगस्ट १७९६

एनॉस,

तुझं पत्र चौदा जुलैला मिळालं. ते येईपर्यंत मी तुझ्या चार ओळींची वाट बघत होते, दोन महिने! माझ्यासारखी मूर्ख मीच. तुला ओळखून असतानाही वाटलं, एवढं तरी करेल.

ज्यूडिथला नमस्कार सांगितला नाही. सांगितला असता तर तिने पातेलं माझ्या डोक्यावर ओतलं असतं आणि मी काही बोलले नसते. तिला माझ्याबरोबर इथं यायचं होतं. मी नको म्हटलं. या मुलखात एक आत आहे तेवढी पुरे. ती म्हणाली, "मग तुम्ही आईला घेतल्याशिवाय परत यायचं नाही." मी बरं म्हटलं.

मी एक गठ्ठा घेऊन आले. तुझी पत्रं. गेल्या सहा वर्षांची, सगळी मिळून एकतीस.

काल न्यायाधीश गावात आले. शेरीफने आधी तुझं कडक पत्र पुढे केलं. त्याच्यावरही बदक! "मेहेरबान, हा माणूस कोर्टाची मोहोर घरच्या पत्रांना लावतो, की घरची मोहोर कोर्टाला?" सगळी खोली हसली. डॉर्कस कोपऱ्यात उभी होती, ती हसली नाही. मग पेनॉकने माझं नाव घेतलं. मी टेबलावर तुझी पत्रं एकाशेजारी एक मांडली. एकतीस बदकं. एकही फुटलेलं नाही. प्रत्येकाची चोच त्याच जागी तुटलेली. मी सांगितलं की हा ठसा मी तेरा वर्षांची असताना कोरला, हत्यार इथे घसरलं, असा टवका माझ्याशिवाय जगात कुणी पाडलेला नाही, आणि हा दगड माझ्या भावाच्या घड्याळाला लटकलेला असतो. न्यायाधीशांनी भिंग मागवलं. दाखल्यावरचं बदक आणि पत्रांवरची बदकं बराच वेळ ताडून बघितली.

मग त्यांनी विचारलं, "ठसा कारकुनाचा आहे हे पटलं. मग त्याने कोर्टाची मोहोर असं का लिहिलं?"

मी तुझं जूनचं पत्र वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पुतण्या, खुर्ची, रानटी, अस्वल, सगळं. "बाई थोडे दिवस आत राहिली तर आभाळ कोसळत नाही" हेही वाचलं. ते वाचताना डॉर्कसकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. सख्ख्या भावाची अब्रू मी परक्या गावात चव्हाट्यावर मांडली. मला लाज वाटली का? वाटली. पुन्हा करीन का? उद्या सकाळीच करीन.

न्यायाधीश म्हणाले, "खोटं आहे ते कारकुनाच्या शेखीत, बाईच्या सुटकेत नाही. सोडा तिला." झालं. एवढंच! यासाठी एकशे तीन दिवस! एप्रिलमध्ये माझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून तू याच चार ओळी लिहिल्या असत्यास, तर ती उन्हाळ्याआधी लेकीजवळ असती. त्यांनी तुमच्या तिन्ही न्यायाधीशांना पत्र लिहिलंय. ते याच टपालाने येईल.

रात्री तिला पेनॉककडे जेवायला बसवलं. पायांना बेड्यांचे वण आहेत. मी म्हटलं, काही बोला. ती म्हणाली, "तुमच्या भावाचं अक्षर फार सुंदर आहे हो, टॅम्सिनबाई. मला वाचता येत नाही, पण वाटेत मी कितीदा तरी ते उघडून बघायचे."

उद्या आम्ही निघतो.

टॅम्सिन

---

लार्किन परगणा
१२ सप्टेंबर १७९६

टॅम्सिन,

तुझं पत्र चार तारखेला आलं. पाचला कोर्ट बसलं. ती रात्र मी तुला शिव्या देत काढली. पोटच्या पोरासारखं मला वाढवलंस आणि शेवटी बाजारात उभं केलंस, असं बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "जूनमध्ये आलेलं तिचं पत्र मला दाखवा." मी दाखवलं. त्या सकाळपासून ती माझ्याशी बोलत नाहीये.

मेरीलँडहून आलेलं पत्र प्रुइटसाहेबांनी भर कोर्टात वाचलं. सगळ्या लार्किनने ऐकलं. बाकावरून कुणीतरी बदकासारखं ओरडलं. शेरीफने त्याला बाहेर काढलं, पण हसू काही थांबेना. विदर्ससाहेब मात्र या वेळी जागे होते. म्हणाले, "एनॉस, तू खोटं लिहिलंस का?" सरळ प्रश्न होता. आणखी एक भारदस्त वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. मी म्हणालो, "होय."

कोर्टाच्या वहीत ते मीच माझ्या हाताने लिहिलं. तू मागितलेल्या त्याच चार ओळी. लिहायला इतका कमी वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं.

मग तुझा गरुड पुढे ठेवला. ज्यावर दोन महिने भांडत होते, तो पाच मिनिटांत मंजूर झाला. कुणाला मान वर करवत नव्हती. वहीत ठसा मी मारला, आणि तिथल्या तिथे डॉर्कसचा नवा दाखला केला, साध्या भाषेत. तो सोबत आहे. मग प्रुइटसाहेबांनी हात पुढे केला आणि मी मोहोर त्यांच्या हातात दिली. आता तिथे त्यांचा पुतण्या बसतो. त्याला साधी ओळसुद्धा सरळ लिहिता येत नाही.

तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या एका माणसावरचा राग त्याहून मोठा आहे, आणि तो माझ्याच घरात राहतो.

बदक परत पाठवतोय. तू कोरलंस, तुझ्याकडेच असू दे. या पत्राच्या लाखेवर नुसता अंगठा दाबलाय. डॉर्कसला सांग की एनॉस हात जोडून माफी मागतो.

तुझा भाऊ,
एनॉस

---

फिलाडेल्फिया
१४ ऑक्टोबर १७९६

एनॉस,

पत्र पोचलं. दाखला पोचला, डॉर्कसने घेतला. मी तो वाचून दाखवला, मग तिने तो दुसऱ्या बाईकडून, मग पाद्रीबुवांकडून वाचून घेतला. तिघांनी तेच वाचलं तेव्हा घडी घालून मेणकापडात ठेवला. गरुडाकडे तिने नीट पाहिलंसुद्धा नाही.

ज्यूडिथने आईला ओळखलं, आईनेही लेकीला. त्याबद्दल मी तुला काही लिहिणार नाही. ते बघायचा मान तू घालवलास.

तुझी माफी मी जशीच्या तशी सांगितली. ती कांदा चिरत होती. चिरून झाला तेव्हा म्हणाली, "त्यांना लिहा, आभाळ कोसळलं नाही हे खरंय. पण एकशे तीन दिवस मला ते दिसलंही नाही. दाखला ठेवून घेते. माफीचं मी काय करू?" माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि म्हणाली असं मी लिहिणार नाही. घरात एक खोटं लिहिणारा पुरे झाला.

बदक मी टेबलावर ठेवलं होतं, तुटकी चोच वर करून. तिने हात पुसले आणि ते उचललं. मी म्हटलं, "अहो, ते माझं आहे." ती म्हणाली, "याच्यामुळे आत गेले, याच्यामुळेच बाहेर आले. आता हे माझं." तिने ते एप्रनच्या नाडीला बांधलंय आणि रश्श्याचं पातेलं ढवळताना ते तिथं लोंबकळत असतं.

या ओळी पत्राच्या बाहेरच्या बाजूला लिहितेय. आतलं लिहून झालं तेव्हा ती समोरच होती. म्हणाली, "द्या इकडे, लाख मी लावते." मी हात लावलेला नाही. ठसा किती जोरात दाबलाय ते तुझं तूच बघ. आणि कागद कडेनं काप.

टॅम्सिन